अठरा थाउ

हेमलॉक फॉर्क, १२ एप्रिल

क्लेअर,

पॉपच्या वर्कशॉपमध्ये तुझा सहा मिलिमीटरचा रीमर कुठे ठेवला आहेस? माझ्या रायफलची जुनी नळी झिजून संपली. नवीन आली आहे. तिच्यात काडतुसाचं घर या वेळी मी स्वतः कोरणार आहे, आणि ते त्याच रीमरने कोरायचं आहे. दोन दिवस सगळे खण उपसले. मला तुझे मोजे सापडले, तुझा गंजलेला फाइल सेट सापडला, १९८८ सालचं हरणांच्या शिकारीचं लायसन्स सापडलं. रीमर नाही. एवढंच विचारायचं होतं.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्ता आपल्या मावसबहिणीने, लोइसने दिला. 'मी दिला असं सांगू नकोस' असंही म्हणाली. सांगितलं.

आता पान अर्धं रिकामं आहे आणि मोंटानापर्यंतचं तिकीट लावलंच आहे, तर इकडचं चार ओळी लिहिते. मी रिटायर झाले. एकतीस वर्षं लेथवर उभी राहिले आणि शेवटच्या दिवशी त्यांनी मला घड्याळ दिलं. ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. मी परत नेऊन दिलं आणि म्हटलं, हे आधी दुरुस्त करा, मग द्या. तब्येत ठणठणीत. गुडघा बोलतो, पण मी ऐकत नाही.

क्लब चालू आहे. मिल्ट अजून कॉफी करतो आणि ती अजून तशीच लागते. हजार यार्डांच्या रेंजवर नवीन पत्रे घातले. सात नंबरच्या बाकाची फळी कुजली आहे, त्यामुळे तिथे कोणी बसत नाही. माझं आठ नंबरचंच.

आणि सप्टेंबरच्या सोळा तारखेला पॉपच्या नावाचा चषक आहे. तो गेल्यापासूनचं नववं वर्ष. यायचं तर ये. नाही आलास तरी क्लब बंद पडणार नाही.

मी विसरलेले नाही, हेही लिहून ठेवते, म्हणजे गैरसमज नको. माझी नवी नळी मॅचच्या चार दिवस आधी आली होती. तू तिच्यात घर कोरलंस. माझी दुसरी पाळी होती, मला रेंजवर जायला वेळ नव्हता. तू म्हणालास, मी चाचणी घेतो आणि गोळी किती खोल बसवायची तो आकडा तुला देतो. तू आकडा दिलास. कागदावर लिहून, नळीच्या कापलेल्या तुकड्याभोवती गुंडाळून. मी त्या आकड्यावर साठ काडतुसं भरली आणि पॉपसमोर, आपल्या बापासमोर, माझ्या दहा गोळ्या एकतीस इंचांत विखुरल्या. तुझ्या सहा इंचांत. तू जिंकलास. चाचणी तू घेतलीच नव्हतीस, मनाला येईल तो आकडा लिहून दिलास, हे मी तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं आणि आजही म्हणते.

माझ्या त्या दहा भोकांचा कागद अजून क्लबात कॉफीच्या भांड्यावर भिंतीला टांगलेला आहे. एकतीस इंचांचा विक्रम कोणी मोडलेला नाही. नवीन माणूस आला की मी स्वतःच दाखवते, 'ही माझ्या भावाची मेहेरबानी.' लोक हसतात.

खिडकी उघडी आहे, कागद उडतोय. त्यावर तोच तुझा नळीचा तुकडा ठेवला आहे. तेवढ्या कामाला मात्र तो उत्तम.

रीमर कुठे ते कळव.

व्हर्ना

हेमलॉक फॉर्क, २९ मे

क्लेअर,

तुझं कार्ड मिळालं. 'डावीकडचा तिसरा खण. कागदाच्या गुंडाळीखाली.' नऊ वर्षांनंतर पाच शब्द. तुझ्या मानाने म्हणजे भाषणच झालं.

रीमर मिळाला. शोधताना उचललीच नव्हती ती वरची गुंडाळी बाजूला ठेवली, तिला रबर लावलं होतं, ते हात लावताच तुटलं. तुझा पसारा असणार, उघडून बघितला नाही.

घर सुरेख कोरलं गेलं. पॉपच्या लेथवर, हळूहळू, दर थोड्या वेळाने रीमर बाहेर काढून, पुसून, तेल घालून, तू करायचास तसंच. काम झाल्यावर आत प्रकाश टाकून बघितलं तर आरशासारखं चकाकत होतं. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण दुसरं कोणी तिथे नव्हतं.

मग खोली शोधायला बसले. पहिली पाच काडतुसं अशी भरली की गोळी नळीतल्या पिळांना जेमतेम टेकेल. पुढची पाच तीन थाउ आत. पुढची आणखी तीन थाउ आत. असं करत तीस थाउपर्यंत. सकाळी वारा उठायच्या आत सगळी उडवली, प्रत्येक पाचांना वेगळा कागद. टेकलेल्या गोळ्या उभ्या रांगेत पसरल्या. सहावर बरं. नऊवर वाईट. बारावर पाचही भोकं एकमेकांत शिरली. पंधरावर तसंच. अठरावर तसंच. एकविसावर पुन्हा फुटलं. बारापासून अठरापर्यंत माझी खिडकी सापडली, आणि मी बारावर थांबले. कारण नळी झिजते, पीळ पुढे सरकतात, आणि गोळीला दरवेळी थोडी लांब उडी मारावी लागते. खिडकीच्या अलीकडच्या टोकाला उभं राहिलं की ती झिजत झिजत खिडकीतच राहते. हे तुला काय सांगायचं, तूच मला शिकवलंस. पण क्लबात अजून अशी माणसं आहेत जी दर महिन्याला पिळांच्या मागे धावतात, गोळी पुढे, आणखी पुढे, आणि मग वाऱ्याला शिव्या देतात.

एक नवीन बाई आली आहे. ऑड्री लँडिस. दातांची डॉक्टर होती, आता आपल्यासारखीच रिकामी. हात असा स्थिर की हेवा वाटावा. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "थाउ म्हणजे केवढा?"

मी म्हटलं, "इंचाचा हजारावा भाग. डोक्यावरचा एक केस उपट. तो तीन थाउ."

ती म्हणाली, "माझ्या पेशंटच्या दाताखाली एक थाउ जास्त भरलं तर तो दुसऱ्या दिवशी ओरडत परत यायचा."

मला बाई एकदम आवडली. तिचीही नळी मीच बसवून दिली, त्याच रीमरने. ती ओहायोला नातीच्या बाप्तिस्म्याला गेली तेव्हा चाचणीही मीच घेतली. दोन सकाळी घालवल्या, चाळीस गोळ्या. आकडा कागदावर लिहून तिच्या दारात सारला. मी असं कोणासाठी करत नाही, पण तिने बाप्तिस्म्याहून केक आणायचं कबूल केलं होतं.

सोळा सप्टेंबर. कार्डात त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून पुन्हा लिहिते.

व्हर्ना

हेमलॉक फॉर्क, ३ जुलै

क्लेअर,

आज एक गंमत झाली. म्हणजे गंमत नाही.

शनिवारी मॅच होती. ऑड्रीच्या दहा गोळ्या बावीस इंचांत गेल्या. मी शेजारीच होते, दुर्बिणीतून बघत होते, वारा शांत होता. मिल्टने कागद आणला तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आणखी नऊ इंच आणि व्हर्नाचा कागद खाली उतरला असता." लोक हसले. ती पण हसली.

आज दुपारी ती आली. हातात रुबार्बची आंबटगोड पाई, भट्टीतून नुकती काढलेली. मी मनात म्हटलं, आता ही म्हणणार, तू मला चुकीचा आकडा दिलास. माझी उत्तरं तयार होती. दोन सकाळी मी तिच्या नळीमागे घालवल्या होत्या! कागद माझ्याजवळ होते, एकेका भोकाचा हिशेब होता. कोणी एक शब्द काढला असता तर मी ती पाई तिच्याच डोक्यावर घातली असती.

ती बसली. पाई कापली. मला मोठा तुकडा दिला. मग म्हणाली, "व्हर्ना, तू कशाने मोजलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा आकडा बरोबरच असणार. तू चुकीचं मोजशील असं मला वाटतच नाही. पण काडतूस मोजताना गोळीवर जी टोपी चढवतो, ती कुठली? तुझी माझी एकच आहे का?"

मी म्हटलं, "टोपी ती टोपी. सहा मिलिमीटरची."

"दवाखान्यात माझ्याकडे दोन कंपन्यांची मापं होती," ती म्हणाली. "दोन्हींवर एकच आकडा लिहिलेला, आणि दोन्ही वेगळी. म्हणून एका पेशंटला शेवटपर्यंत एकच माप लावायचं, हा माझा नियम होता. मीच इथे विसरले."

मीच विसरले, असं म्हणाली ती. मी आतून माझी टोपी आणली. तिने पर्समधून तिची काढली. एकच काडतूस दोन्हींत मोजलं. अकरा थाउंचा फरक. तिच्या टोपीचं भोक केसभर मोठं, म्हणून ती गोळीवर जास्त खाली उतरते आणि आकडा कमी दाखवते. माझा खरा आकडा तिच्या मापावर खोटा झाला.

ती पुन्हा म्हणाली, "बघ, दोघींचं बरोबर होतं." आणि उरलेली पाई ठेवून गेली.

मी हे पत्र इथेच थांबवते. कागदावर ठेवलेला तुझा तुकडा उचलायचा आहे, आणि आज मला तो उचलवत नाहीये.

व्हर्ना

हेमलॉक फॉर्क, ५ जुलै

क्लेअर,

उचलला.

काल चार जुलै होता. खाली गावात परेड होती, अग्निशमनची गाडी भोंगा वाजवत गेली, मी पॉपच्या वर्कशॉपमध्ये होते. तुकडा खिडकीकडे धरून आरपार बघितलं. नऊ वर्षं मी त्याला कागदांवर ठेवला, आणि एकदाही आरपार बघितलं नव्हतं.

नळीचं टोक कापलं की गिऱ्हाइकाला तो तुकडा आठवण म्हणून द्यायचा ही तुम्हा नळ्या बसवणाऱ्यांची पद्धत. सगळेच देतात. माझ्याकडे असे चार आहेत. मला वाटलं, हा त्यातलाच. पण ते चार आतून साधे आहेत, कारखान्यातून आले तसे. ह्याच्यात काडतुसाच्या घराचं तोंड कोरलेलं आहे. रीमर फिरवलेला आहे. पुढे पीळ जिथे सुरू होतात ती कड अगदी माझ्या नळीतल्यासारखी. आठवणीसाठी द्यायच्या तुकड्यात कोणी रीमर घालत नाही. तू माझ्या नळीच्या पोटातून माझ्यासाठी मोजायची टोपीच करून दिली होतीस, आणि आकड्याचा कागद त्याच्याभोवती गुंडाळला होतास.

रिकाम्या पुंगळीत त्याच जातीची गोळी बसवली. तुझ्या तुकड्यात मोजत, एक इंच आणि सातशे बेचाळीस थाउंवर आणली. हाच तुझा आकडा. मग तेच काडतूस माझ्या दुकानातून आणलेल्या टोपीत मोजलं. सातशे साठ. अठरा थाउ, क्लेअर. माझ्या टोपीत सातशे बेचाळीस आणायला मी सगळ्या गोळ्या अठरा थाउ जास्त खोल ढकलल्या होत्या. एकतीस वर्षं मापं घेऊन पोट भरलेल्या बाईने.

मग ती गुंडाळी उघडली. 'कागदाच्या गुंडाळीखाली' असं तू का लिहिलंस ते तेव्हा कळलं. खण सांगून भागलं असतं. चाचणीचे बारा कागद आहेत. प्रत्येकावर तुझ्या बारीक अक्षरात 'व्हर्नाची नळी', खोली आणि तारीख. मॅचच्या आधीचा गुरुवार आणि शुक्रवार. गुरुवारी पाऊस होता ते मला आठवतं, कारण कागदांवर थेंबांचे डाग आहेत. तू तुझ्या रायफलीला त्या दोन दिवसांत हातही लावला नसणार. आणि मी म्हटलं, तू चाचणीच घेतली नाहीस.

आता पहिल्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. मी लिहिलं की तू कागदावर आकडा दिलास. तू फोनही केला होतास. शुक्रवारी, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. तू म्हणालास, "व्हर्ना, त्या तुकड्यातच मोज हं." आणि मी म्हटलं, "मला मोजायला शिकवू नकोस." आणि फोन ठेवला. हे मला आठवत होतं. नऊ वर्षं आठवत होतं. मी फक्त त्या आठवणीपाशी कधी थांबत नव्हते, एखाद्या घरासमोरून मान खाली घालून पुढे निघून जावं तशी.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दवाखान्यात पॉपने विचारलं होतं, "पोरी, पुन्हा मोजून बघितलंस का?" मला वाटलं, औषधाने बरळतोय. मी त्याची उशी सारखी केली. त्याला माहीत होतं का रे? तू त्याला सांगितलं होतंस का? की तो तुला ओळखत होता, एवढंच?

मॅचच्या दिवशी क्लबातल्या जेवणाच्या टेबलाशी मी ओरडले तेव्हा तू एक शब्द बोलला नाहीस. पॉप नाकात ऑक्सिजनची नळी लावून बसला होता, तू त्याच्याकडे बघितलंस, टोपी घातलीस आणि गेलास. मला वाटलं, चोराला बोलायला तोंड नाही. अंत्यविधीला तू शेवटच्या रांगेत उभा होतास आणि मी वळूनही बघितलं नाही.

माझी चूक झाली. माझी, एकटीची. मला तुझी माफी हवी आहे. मी ती मागते आहे, आणि मला मागायची सवय नाही हे तुला माहीत आहे, त्यामुळे अक्षर बिघडलंय.

व्हर्ना

हेमलॉक फॉर्क, २० ऑगस्ट

क्लेअर,

सहा आठवडे झाले. पोस्टमास्तरीण मला बघितलं की आता लांबूनच मान हलवते. ठीक आहे. नऊ वर्षं तू थांबलास, मी सहा आठवडे थांबू शकते. म्हणून उत्तर येईपर्यंत मी माझं काम करून टाकलं.

काल मॅच संपल्यावर सगळे जेवायला बसले होते. चिकनची पाई, बीटात मुरवलेली अंडी, सगळं तेच. जिथे उभी राहून मी तुझ्यावर ओरडले होते, तिथेच उभी राहिले. टेबलावर म्हटलेलं टेबलावरच परत घ्यायचं, पॉपचंच म्हणणं होतं हे. मी तुकडा वर धरला आणि सगळं सांगितलं. फोनचंसुद्धा.

मग कॉफीच्या भांड्यावरचा माझा कागद होता तिथेच दाबून धरला आणि त्यावर मार्करने लिहायला लागले. मिल्ट उठला. "भिंतीवरच्या कागदावर लिहायचं नाही, व्हर्ना. नियम आहे."

"नियम कोणी केला?"

"तुझ्या बापाने."

"मग तो माझ्या घरचा नियम आहे. मी मोडते."

मी लिहिलं, 'आकडा बरोबर होता. माप माझं चुकलं. व्हर्ना होक.' मिल्टने बराच वेळ वाचलं. मग म्हणाला, "एवढं मोठं लिहायची गरज होती का? आता कॉफी ओतताना प्रत्येकाला वाचावं लागणार."

"म्हणूनच," मी म्हटलं.

ऑड्रीने माझ्या ताटात आणखी एक अंडं वाढलं. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, आणि हसले असते तर बरं झालं असतं.

आणखी एक. तुझ्या सात नंबरची फळी कुजलेली नाही. कधीच नव्हती. पहिल्या वर्षी कोणीतरी तिथे पिशवी ठेवायला आलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तिथे बसू नका, फळी कुजली आहे. मग दर वर्षी तेच सांगत राहिले. मिल्टला माहीत आहे. त्याने कधी फळी बदलायला घेतली नाही. तुझी रायफल टेकवायची वाळूची उशी मी घरी आणून ठेवली होती. तिला उंदीर लागू नये म्हणून पत्र्याच्या डब्यात.

सोळा सप्टेंबर.

व्हर्ना

हेमलॉक फॉर्क, ६ सप्टेंबर

क्लेअर,

पार्सल मिळालं. पोस्टमास्तरीण ते घेऊन काउंटरच्या बाहेर आली, म्हणाली, "व्हर्ना, यात काय आहे, लोखंड?" मी तिथेच उघडलं.

तुझ्या साठ पुंगळ्या. गोळ्यांचा डबा. दारू कुठली आणि किती ते कागदावर. आकडा. आणि आतून कोरलेला, तुझ्या मोंटानाच्या नळीचा तुकडा, कागदात गुंडाळलेला. चिठ्ठी एका ओळीची, 'विमानात भरलेली काडतुसं किती आणायची ती कटकट. तू भर.'

मला माहीत आहे की अकरा पौंडांपर्यंत नेता येतात. तुलाही माहीत आहे. चाळीस वर्षं तुझ्या काडतुसांना तू पॉपलासुद्धा हात लावू दिला नाहीस.

मी पोस्टात रडले. हो, रडले. पोस्टमास्तरणीने मला तिचा रुमाल दिला आणि खिडकीवर 'बंद' ची पाटी लावली. भर सकाळी, दहाच्या सुमारास. बाहेर रांग लागली होती.

भरते.

व्हर्ना

काडतुसांच्या डब्यात, १६ सप्टेंबर, सकाळ

क्लेअर,

तू झोपलेला आहेस आणि घोरतो आहेस, अगदी पॉपसारखा. मी वाऱ्याचे झेंडे लावायला रेंजवर पुढे जाते. न्याहारीचं स्क्रॅपल, डुकराच्या मांसाचे काप, तव्यावर आहे, फक्त गरम कर, करपवू नकोस. गाडीची किल्ली खिळ्याला.

रात्री तू दारात आलास तेव्हा आपण दोघंही गुडघ्यांबद्दलच बोललो. मला ते पुरलं. बाकीचं कागदावर झालं आहे, आणि मला पुन्हा तोंडाने बोलायला लावू नकोस, मी बोलेन पण वाईट बोलेन.

सात नंबरची फळी मी काल घासून पुसली. मिल्टला सांगितलं, दुरुस्त झाली. तो म्हणाला, "लवकरच झाली, नऊ वर्षांत." तुझी वाळूची उशी तिथे ठेवली आहे. जिंकणार मीच आहे, माझी नळी या वर्षी फार गोड आहे. पण तू दुसरा ये. तिसरा आलास तर मी ओळख दाखवणार नाही.

या डब्यात साठ काडतुसं आहेत. तुझ्या आकड्यावर, तुझ्या तुकड्यात मोजलेली, प्रत्येक दोनदा. एकही अर्धा थाउसुद्धा इकडेतिकडे नाही.

तुकडा डब्याच्या कोपऱ्यात ठेवला आहे, कॅलिपर टेबलावर. पुन्हा मोजून बघ. मला राग येणार नाही.

थोडा येईल. पण मोज.

व्हर्ना